वाटी रिकामी द्यायची नाही

गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून राहायचंय. फुलसावंगीपासून आत सहा-सात किलोमीटर, एवढं पुरे. गावात पोस्टाची शाखा आहे. शाखा म्हणजे ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली, एक टेबल, एक वजनकाटा आणि मी. दहावीच्या मार्कांवर नंबर लागला आणि जूनमध्ये ब्रँच पोस्टमास्तर म्हणून हजर झाले. नाव मोठं, काम चार-पाच तासांचं. पण एक अट आहे. पोस्टमास्तरनं त्याच गावात राहायचं, पुसदहून जाऊन-येऊन केलेलं चालत नाही. महिनाभरात गावातला पत्ता लिहून द्यावा लागतो.

तर खोली शोधणं आलं. पहिल्या घरी नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्याबरोबर घरमालकाला आठवलं की त्या खोलीत त्याचा भाचा राहायला येणार आहे. दुसऱ्या घरीही भाचाच येणार होता. तिसऱ्या घरी खोलीत कापूस भरायचा होता, जून महिन्यात. गावात आमच्या बौद्धांची वीस-बावीस घरं आहेत, पण दोन खोल्या आणि सहा माणसं असं सगळ्यांचंच. त्यांनी कोणाला बाहेर काढून मला ठेवायचं? पंचवीस दिवस गेले होते आणि माझा धीर सुटत चालला होता.

चौथं घर वच्छलाबाईंचं. वय साठीच्या पुढं, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा कपिल पुण्यात कंपनीत. दहा एकर सोयाबीन आणि तूर, आणि एवढ्या घरात बाई एकटी. तिनंही आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि चपला घालायला वळले.

"कुठी चालली? पाणी तं पे," ती म्हणाली. "अन् खोली पाहून घे. मांगून तुह्यं येगळं दार हाय."

मी पाणी प्यायले आणि मला रडूच आलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल की बाई वाईट होती. वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं.

आमच्या घरी पुसदला सात माणसं. तिथं स्वयंपाक म्हणजे परातभर कणीक, गंजभर वरण, आणि तरी शेवटी आईला कमी पडणारच. इथं मी एकटी. एक लहान कुकर, एक तवा, एक कढई, एक शेगडी. कुकरमध्ये खाली डाळ, वर डब्यात मूठभर तांदूळ, त्यातच एक बटाटा ठेवून दिला की वरण, भात आणि भाजीची सोय एकदमच. मोबाइलवर पुण्याची एक बाई 'एका माणसासाठी झटपट' म्हणून व्हिडिओ टाकते. तिच्या ओट्यावर इतक्या वाट्या मांडलेल्या असतात की भांडी घासायला दुसरं माणूस लागावं. मी तिचं बघायची आणि माझं करायची. डाळकांदा, ज्वारीच्या पिठाचं धिरडं, कालच्या पोळीचा कुस्करा. अगदीच कंटाळा आला तर दोन अंडी, एक कांदा, दोन मिरच्या. भुर्जी कढईतूनच खायची, म्हणजे ताट घासणं वाचतं. मला हवं ते, हवं तेव्हा, हवं तेवढं. खरं सांगते, सत्तावीस वर्षांत इतकं सुख मला झालं नव्हतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी वच्छलाकाकू मागच्या दारात उभी. हातात स्टीलची वाटी, वर झाकण.

"आलू-वांगं केलं. एकटीपुरतं कराले गेली अन् कढईभर झालं बाप्पा. हात आवरतच नाही माहा. खाय."

भाजी अशी होती की मी वाटी पोळीनं पुसून घेतली. मग स्वच्छ धुतली, फडक्यानं कोरडी केली आणि नेऊन दिली. काकूनं वाटीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच पडला.

"रिकामी आणली काय वो? कोणाच्या घरची वाटी रिकामी द्याची नसते बाई. काही तरी टाकून द्याव. तुह्या मायनं नाही शिकवलं?"

आईवर कोणी गेलं की माझं डोकं फिरतं. पण खोली नवी होती. "चुकलं काकू," मी म्हणाले. 'काही तरी' म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिनं शिजवून दिलं, आपणही शिजवून द्यायचं, यात विचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी मी डाळकांदा केला. कधी नव्हे तो मन लावून केला. वाटी भरून नेली.

"ठेव त्या ओट्यावर. आत्ताच जेवली मी, मंग खातो," काकू म्हणाली आणि खूश झाली.

तिसऱ्या दिवशी काकू पुन्हा दारात. या वेळी वाटीत कढी. "तुह्यी डाळ लय मस्त झालती. मिरची जराशी जास्त झाली, पण मस्त होती."

झालं. तिथून ते चाक फिरायला लागलं. दिवसाआड वाटी येणार, दिवसाआड वाटी जाणार. पाटवडीचा रस्सा आला तर वरणफळं गेली. अंबाडीची भाजी आली तर मसालेभात गेला. लहान कुकर पुरेना म्हणून मी तीन लिटरचा आणला. पुण्याच्या बाईला सोडून दिलं आणि आईला फोन करून करून तिच्या रेसिपी विचारायला लागले. मिरची कमी केली, कारण काकूला तिखट सोसत नाही असं मी समजले. गूळ घालायला लागले, कारण एकदा तिनं सांगितलं की आमटीत जरासा गूळ असता तर मजा आली असती. अंडी तर बंदच केली. म्हटलं, जुनं माणूस आहे, देव्हारा आहे, अंड्याच्या कढईतली भाजी तिला कशी द्यायची? मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, काकूनं स्वतःच मटणाची वाटी आणून दिली. मी कपाळावर हात मारून घेतला. दोन महिने उगाच अंड्यांवाचून काढले. त्याच आठवड्यात मी अंड्याचा रस्सा करून दिला.

"ठेव, मंग खातो," काकू म्हणाली. "आज गुरुवार हाय माहा."

काकूचे उपास फार. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपास नसेल तेव्हा ती नुकतीच जेवलेली असायची. मला त्यात कधी काही खटकलं नाही. पहिल्यांदाच कोणी तरी माझ्या हातचं खाऊन दुसऱ्या दिवशी त्याबद्दल बोलत होतं. आमच्या घरी जेवणाबद्दल बोलायची पद्धत नाही, ताट पुसलं म्हणजे आवडलं. इथं काकू मीठ, मिरची, गूळ सगळं सांगायची. मला ती आवडायला लागली होती. संध्याकाळी भांडी घासताना भिंतीपलीकडून तिच्या भांड्यांचा आवाज यायचा. मनात यायचं, दोघी एकट्या, दोन गॅस, दोन कुकर. एका ताटात बसलो तर काय बिघडेल? एकदा मी तसं म्हणालेही. "काकू, एक दिवस तुम्ही करा, एक दिवस मी करतो. दोघी मिळून जेवू."

"पाहू नं," ती म्हणाली आणि गाईला पाणी दाखवायला निघून गेली.

ऑक्टोबरात लखीराम पोस्टात आला. लखीराम काकूचा सालदार, वर्षाच्या बोलीवर तिच्या शेतात राबणारा. पलीकडच्या बंजारा तांड्यावरचा, पन्नाशीचा, हसरा माणूस. त्याला आधारला मोबाइल नंबर जोडायचा होता. त्याचा अंगठा काही मशीनवर उठेना. राबून राबून रेषा घासून गेलेल्या. मी ओल्या फडक्यानं अंगठा पुसायची, पुन्हा दाबायला सांगायची, मशीन पुन्हा नाही म्हणायचं. असं चार-पाच वेळा झालं. मग गप्पा निघाल्या.

"ताई, परवाचं वांगं लय भारी झालतं," लखीराम म्हणाला.

"कोणतं वांगं?"

"तुमच्या हातचं वो. काकूच्या घरी देल्लं नव्हतं काय तुम्ही? गूळ टाकाले लागले तवापासून आमटी बी जमून राह्यली. मीच सांगतलं होतं काकूले, का ताईले म्हणा जराकसा गूळ टाका. अन् मिरची कमी करा म्हणलं. त्यायनं सांगतलं वाटते तुम्हाले."

मी त्याचा अंगठा हातात धरून तशीच बसले.

"तुमाले देते का काकू?"

"येईन तवा देते नं. 'पोस्टवाल्या ताईनं देल्लं, खाय.' मी गोठ्यात बसून खातो. काल काही आलं नाही तं चुकल्यासारखं झालं." मग तो जरा लाजला. "उद्या अंड्याचा रस्सा कराल काय? तो तं लयच जमलता."

त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला वाटत होतं मी कौतुकानं हसेन. मशीननं तेवढ्यात अंगठा घेतला आणि हिरवा दिवा लागला. "झालं काम," मी म्हणाले. तो हात जोडून गेला.

मी खिडकी लावून घेतली. चार महिने. चार महिने मी एका माणसाच्या जिभेसाठी रांधत होते आणि तो माणूस कोण तेच मला माहीत नव्हतं. लखीरामनं खाल्लं याचं दुःख नाही. त्यानं आवडीनं खाल्लं, गोठ्यात बसून का होईना. पण ती? तिनं त्याला मीठ विचारायचं, मिरची विचारायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला असं सांगायचं की जणू तिच्याच तोंडात होतं? राग कशाचा जास्त आला ते मला अजून नीट सांगता येत नाही. न खाल्ल्याचा, की खाल्ल्याचं इतक्या मायेनं सांगितल्याचा.

आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिला काही नवल वाटलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"मंग आता काय, भांडशील?" आई म्हणाली.

"भांडीन."

"भांड. अन् राहशील कुठी?"

मी खिडकीची कडी काढली आणि पुन्हा लावली.

"बाबासाहेबानं शिकाले सांगतलं, तू शिकली. नोकरी लागली. पण त्या गावात छप्पर तिच्याच हातात हाय नं बाई. डोकं थंड ठेव. वाटी येईन तं घे. तुह्यं नको देऊ काही." मग म्हणाली, "जेवली काय तू?"

मी जेवले नव्हते. तीन लिटरच्या कुकरकडं बघवत नव्हतं. त्या संध्याकाळी बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या दिवशीही. मनाशी ठरवलं, आता वाटी आली की खायची, धुवायची आणि रिकामी नेऊन तिच्या हातात ठेवायची. काय म्हणायचं ते म्हणू दे. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती मी. चांगली धारदार वाक्यं होती.

वाटी आलीच नाही. दोन दिवस झाले, तीन झाले. लखीराम बोलला असेल, काकूला कळलं असेल, आता खोली जाणार, असं माझं सगळं चालू होतं. चौथ्या दिवशी सकाळी नऊ वाजले तरी पुढचं दार बंद. गाय ओरडत होती. मी मागच्या बाजूनं आत गेले तर काकू खाटेवर. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ सुकलेले. लखीराम तीन दिवसांपासून शेतातच मुक्कामाला होता. सोयाबीनची काढणी चालू होती, यंत्र मिळालं होतं, आख्खं गाव रानात होतं. शेजारच्या घराला कुलूप. तिची चुलत जाऊ दोन गल्ल्या पलीकडं राहते, तिच्याही घराला कुलूप.

पोस्टाची खिडकी त्या दिवशी उशिरा उघडली. काकूला धरून धरून उपकेंद्रात नेलं. सिस्टरनं तपासलं, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "उपाशीपोटी देऊ नका. काही तरी खाऊ घाला, मगच गोळी." येताना काकूचा सगळा भार माझ्या अंगावर होता. एक हात माझ्या गळ्यात, घामेजलेला गाल माझ्या खांद्यावर. त्यात तिला काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं.

उपकेंद्रातूनच कपिलला कळवलं होतं, घरी आल्यावर त्याचा फोन. "ताई, मी उद्या संध्याकाळपर्यंत पोहोचतो. सुट्टीच मिळत नव्हती. तुम्ही आहात म्हणून जिवाला घोर नाही. तिला काही तरी खाऊ घाला हो, प्लीज."

मी माझ्या खोलीत येऊन मऊ भात लावला. मूठभर तांदूळ, अर्धी मूठ मुगाची डाळ, हळद, भरपूर पाणी. एका माणसापुरता. चार शिट्ट्या केल्या, रवीनं मोडला, वर चमचाभर तूप सोडलं. आजारी माणसाला यापेक्षा सोपं आणि लवकर होणारं काही नाही. एका वाटीत घेऊन तिच्या खाटेशी बसले. मनात राग होता की नव्हता ते आठवत नाही. बाईनं दोन घास खावेत आणि गोळी घ्यावी, एवढंच डोक्यात होतं.

"ठेव," काकू डोळे न उघडता म्हणाली. "मंग खातो."

"मंग नाही काकू. आत्ता. गोळी घ्यायची आहे."

"जीभ कडू हाय."

"दोन चमचे." मी चमचा तिच्या ओठापाशी नेला. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी वाकून तिकडून चमचा नेला, तशी तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. साठी ओलांडलेली बाई, तापानं फणफणलेली, आणि लहान पोरासारखे ओठ मिटलेले. जुळवून ठेवलेली वाक्यं सगळी कुठं गेली कोण जाणे.

"काकू, माह्या हातचं काहून नाही खात तुमी?"

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"लखीरामनं सांगतलं मले. सगळं त्यालेच दिलं तुमी. चार महिने."

तिच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडं ओघळलं.

"तू कायची वाईट हाय माय," ती म्हणाली. "माह्या लेकीवानी हाय तू. पण माह्याच्यानं नाही होत. दोनदा तोंडापाशी नेलं मी तुह्यं वरण. वास किती चांगला येत होता. हातच गेला नाही. मंग लखीरामले देल्लं." तिनं पदरानं डोळे पुसले. "फेकलं नाही मी. एक शीत फेकलं नाही. देवाची आन."

मी काय म्हणायला हवं होतं? पुस्तकातली उत्तरं मला येतात. मी स्पर्धेच्या परीक्षा दिल्यात, अस्पृश्यता बंद करणारं कलम सतरा मला तोंडपाठ आहे. पण समोर ही बाई तापलेली, गोळी हातात, आणि पोटात अन्नाचा कण नाही. कलम सतरा काढून तिच्या तोंडात घालता येत नव्हतं.

"मंग तुमी आता काय खासाल?" मी विचारलं.

"मी करतो नं," ती उठायला लागली. "मले फक्त गॅसपावतर ने."

"पडाल काकू."

"तू धरजो."

आणि मी धरलं. दुसरं काय करणार? सोडलं असतं तर ती जमिनीवर आपटली असती. मी तिला कमरेला धरून तिच्या ओट्यापाशी उभं केलं. डब्यातले तांदूळ मी काढले. मी धुतले. पातेल्यात पाणी मी ओतलं, तेही तिच्याच माठातलं. गॅस मी पेटवला, कारण तिच्या हाताला लायटर दाबेना. पातेलं मी ठेवलं. फक्त मीठ तिनं टाकलं आणि डाव तिनं हातात धरला. हातात जोर नव्हता म्हणून तिच्या मनगटाला खालून माझा हात होता. नेमकं कुठं माझं संपतं आणि तिचं सुरू होतं, हे मला त्या वीस-पंचवीस मिनिटांत काही केल्या कळलं नाही. तिला बरोबर कळत होतं.

रागानं माझे कान गरम झाले होते. असं वाटत होतं की हात काढून घ्यावा आणि निघून जावं. आणि त्याच वेळी मी तिला म्हणत होते, "काकू, डोकं माह्या खांद्यावर टेका, चक्कर येईल."

भात शिजला. खाटेवर बसून तिनं पाच-सहा घास खाल्ले. गोळी घेतली. पातेल्यात उरलं होतं त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "तू बी खाय. सकाळपासून उपाशी हाय तू माह्यापायी."

"अन् मी केलेला?" माझ्या खोलीतून आणलेली वाटी अजून स्टुलावर होती. तुपाचा थर गोठून पांढरा झाला होता.

काकूनं त्या वाटीकडं पाहिलं. "झाकून ठेव," ती हळूच म्हणाली. "लखीराम येईन संध्याकाळी."

मी दोन्हीतलं काहीच खाल्लं नाही. तिथंच जमिनीवर बसून राहिले. तिला वाटलं मी रुसले. तिनं खाटेवरून हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला.

"एक सांगू काय? कोरडं देत जाय नं बाई. मूठभर शेंगदाणे टाक, साखर टाक. वाटी रिकामी नसली म्हणजे झालं. मी तं पहिल्याच दिवशी तेच म्हणली होती. तू शिजवून आणलं. आता नाही कसं म्हणाव? तुह्यं मन मोडलं असतं." हात डोक्यावर तसाच होता. मग तिचा आवाज बदलला. "खोली सोडशील काय दीपा?"

आवाजात भीती होती. मी वर पाहिलं. इतके दिवस मला वाटत होतं की घाबरायचं काम फक्त माझं आहे.

"नाही," मी म्हणाले. गावात दुसरी खोली मिळणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं. तरी तिनं डोळे मिटून सुस्कारा टाकला आणि झोपली.

कपिल दुसऱ्या दिवशी आला, चार दिवस राहिला, माझे हात धरून आभार मानले आणि गेला. काकू हिंडू-फिरू लागली. मी तीन लिटरचा कुकर पुसदला आईकडं पाठवून दिला. लखीराम एकदा पोस्टाच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "ताई, आता काही करत नाही काय तुमी?" मी म्हटलं, वेळ मिळत नाही. तो बिचारा "बरं बरं" म्हणून गेला. त्याच्यासाठी करायला माझी ना नव्हती, पण ती वाटी कोणाच्या हातून जाणार?

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी मागचं दार वाजलं. काकू, हातात वाटी. मेथीची भाजी होती, ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. मी खाल्ली. चांगली झाली होती, मी कशाला खोटं सांगू. वाटी धुतली, पुसली आणि ओट्यावर ठेवून तिच्याकडं बघत बसले. रिकामी न्यायची असं मी एकदा ठरवलं होतं. ती सगळी वाक्यं मला आता पुन्हा आठवत होती. शेवटी डबा उघडला आणि दोन मुठी साखर वाटीत टाकली.

काकू पुढच्या ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. वाटी हातात घेतली, आत पाहिलं आणि तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू. सूप बाजूला ठेवलं. तिथंच, माझ्यासमोर, चिमूटभर साखर उचलून तिनं तोंडात टाकली.

"गोड हाय," माझ्या तोंडाकडं बघत ती म्हणाली, मी काही तरी म्हणावं म्हणून.

चार महिन्यांत माझ्या घरचं तिनं माझ्यादेखत खाल्लेलं हे पहिलं. फुलसावंगीच्या किराणा दुकानातली साखर. ती अजून माझ्याकडं बघत होती. मी हसले. काय करणार?